‘नुसतं गवत तर आहे’ म्हणणाऱ्या मळेवाल्या अण्णांना अनावृत पत्र

ती. अण्णा,
सा. न. वि. वि.

परवा आपल्या मळ्यात मोटरची केबल तुटली, याचं लासलगाव परिसरातल्या तमाम मशीनवाल्यांना अतोनात दुःख झालं आहे. आपण घाईघाईनं आलात, वाकलात, केबलचं टोक निरखून पाहिलंत आणि पहिला प्रश्न केलात, “ही केबल आता केवढ्याला येते, ठाऊक आहे का?” गवत कापायचं मशीन गळ्यात अडकवलेला मुलगा समोरच उभा होता. त्याचे हातपाय जागच्या जागी दिसत होते, म्हणजे त्याच्याबद्दल विचारण्याजोगं काही उरलंच नव्हतं. केबलचं तसं नव्हतं.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भाद्रपदातलं गवत, कांदा चाळीपासून विहिरीपर्यंत कमरेएवढं. त्यात गाजरगवत, कुंदा, केना आणि कुठून कुठून आलेल्या वेली. या गवताखालून अण्णांच्या विहिरीवरल्या मोटरची केबल स्टार्टरच्या पेटीपर्यंत गेलेली. खांबावरून नाही, पाइपातून नाही, जमिनीवर मोकळीच. मधे एक जॉइंट, त्यावर काळी चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर खताच्या गोणीचं प्लास्टिक. मशीनचं पातं तिच्यावर बसलं तेव्हा लाइट नव्हती. मुलाला वाटलं, जुनी वेल असेल. पेट्रोल संपलं म्हणून तो बांधावर गेला, टाकी भरू लागला, आणि तेवढ्यात लाइट आली. स्टार्टरला हात लावायला जवळपास कुणीही नव्हतं. तरी स्टार्टर खट्कन ओढला गेला आणि ओल्या गवतात जाळ निघाला.

कारण अण्णांनी ‘ऑटो’ बसवला आहे.

या ऑटोविषयी सविस्तर लिहिलंच पाहिजे. शेतीच्या वाहिनीला तीन फेजची वीज मिळते ती साधारण आठ तास, कधी दिवसा, कधी रात्री. पाळी बदलत राहते. म्हणून स्टार्टरच्या पेटीत एक छोटं यंत्र बसवतात. लाइट आली की मोटर आपोआप चालू, गेली की बंद. बटण दाबायला मळ्यात माणूस लागत नाही. महावितरण वर्षानुवर्षं विनवतं आहे की ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. लाइट येताक्षणी गावातल्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या तर डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, ताण येतो आणि ती जळते. डीपीची काळजी वाहणारं एक खातं तरी आहे. गवतात उभ्या असलेल्या माणसाची काळजी कोणत्या खात्याकडे आहे, याचा शोध अण्णांनी सवडीनं घ्यावा.

ऑटोमुळे होतं असं की मळ्यातली कुठलीच वायर ‘बंद’ नसते. लाइट येण्याआधीची घटका असते, एवढंच. सकाळी हात लावून पाहिलेली केबल दुपारी चारशे व्होल्टच्या पुढची असते. मशीनवाला हे ओळखणार कसं? त्याला मळा दिसत नाही, गवत दिसतं. मळा फक्त अण्णांना दिसतो. विहीर कुठं, जुना खड्डा कुठं, गाडलेली पाइपलाइन कुठून कुठं वळली, ठिबकच्या नळ्या कुठं गुंडाळून टाकल्या, द्राक्षबाग मोडली तेव्हाच्या तारा आणि अँगल कुठल्या बांधाला पडून आहेत, हा नकाशा त्यांच्या डोक्यात तोंडपाठ आहे. तरी फोनवर विचारलं, “अण्णा, काही अडचणीचं आहे का तिथं?” की उत्तर ठरलेलं: “काही नाही रे, नुसतं गवत तर आहे.”

आणि हे बोलणारा माणूस लासलगावचा! 1947 साली इथं बाजार समिती झाली, तेव्हापासून या गावानं देशाला माल बघून घ्यायला शिकवलं. ट्रॅक्टर लिलावात उभा राहिला की व्यापारी कांदा हातात घेतो, दाबतो, पत्ती बघतो, ओल बघतो. वरचा माल देखणा आणि खालचा बारका निघाला की भाव तिथल्या तिथं तुटतो. मग अण्णा दिवसभर सांगत फिरतात की व्यापारी किती निर्दयी आहे. स्वतःच्या मळ्यातल्या गवताचा सौदा मात्र ते न दाखवता करतात. वर हिरवं, खाली काय ते पात्यानं शोधावं. तिथं माल वांध्यात, म्हणजे तक्रारीत, काढायची सोय नाही, कारण वांधा झाला तर तो काढणारा उरेलच असं नाही.

केबलखेरीज बाकी सगळं किरकोळ. बांधावर फेकलेल्या औषधाच्या बाटल्या, ज्यांच्यावरचा लाल त्रिकोण अजून शाबूत आहे, पात्याखाली येऊन फुटतात आणि आतलं राहिलेलं पोटऱ्यांवर उडतं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा या तालुक्यातल्या पारांवरही दोन दिवस चर्चा झाली होती. चाळीच्या ओट्याखाली उंदीर, उंदरांमागे घोणस. ‘असतो एखादा, पण काही करत नाही’ ही माहिती काम संपल्यावर मिळते. मोकळा सोडलेला कुत्रा काही करत नाही. आंब्यावरचं आग्यामोहोळही, मशीनचा आवाज कानावर जाईपर्यंत, काही करत नाही. हे मशीन चालू असताना पंधरा मीटरच्या आत कुणी येऊ नये असं त्याच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. अण्णांचा नातू त्याच पंधरा मीटरांत चेंडू खेळत असतो, आणि खडा उडून काच फुटली की तीही हिशेबात धरली जाते.

विहिरीबद्दल मात्र एका ओळीत भागणार नाही. कठडा नसलेली विहीर निदान उन्हाळ्यात दिसते. पावसाळ्यात तिच्या काठावरचं गवत आत झुकतं आणि जमीन कुठं संपली ते कळत नाही. पडीक विहीर त्याहून वाईट. एप्रिल 2024 मध्ये नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात अशाच एका विहिरीत मांजर पडलं. विहिरीत पाणी नव्हतं, शेणाचा काला साठवला होता. मांजर काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, आणि पाच जण गेले. तिथं निदान घरच्यांना ठाऊक होतं की ही विहीर आहे आणि हिच्यात काय आहे. रोजावर आलेल्या परक्या माणसाला तेवढंही ठाऊक नसतं.

तेव्हा हिशेबाकडे येऊ. त्या दिवशी मुलाचे पैसे देताना अण्णांनी केबलचे कापून घेतले. मशीन त्याचं, पेट्रोल त्याचं, पातं त्याचं, आणि पात्याखाली सापडलेली अण्णांची वायरही त्याचीच. यापुढे कोण किती भरपाईला पात्र ठरतं तेही पाहण्यासारखं आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत विजेचा धक्का बसतो, सर्पदंश बसतो, पाण्यात पडणंही बसतं. मृत्यू झाला तर दोन लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर एक लाख. योजना चांगली आहे. मात्र ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदारासाठी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी. म्हणजे त्याच गवतात, त्याच केबलवर अण्णांचा पाय पडला असता तर सरकार दारी आलं असतं. मुलाच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. त्याच्या नावावर मशीनचं कर्ज आहे, आणि बँकेनं वर्षाला वीस रुपये कापून दिलेला पंतप्रधान सुरक्षा विमा, तोही खात्यात त्या दिवशी वीस रुपये असले तर.

तो मेला असता, अण्णा. यात काही चमत्कृती नाही, उपरोध नाही. टाकीत पावशेर पेट्रोल जास्त असतं तर तो बांधावर गेलाच नसता, लाइट आली तेव्हा पातं तिथंच फिरत असतं, पायात रबरी बूट नाही, चप्पल, आणि खाली चिखल. तुम्ही आला असतात तेव्हा केबलकडे बघायला सवड मिळाली नसती. लासलगावचं ग्रामीण रुग्णालय, तिथून पुढे नाशिक, साठेक किलोमीटरचा रस्ता, आणि बहुधा त्याची गरजही पडली नसती. मग पंचनामा. ‘गवत कापत असताना विजेचा धक्का लागून’ एवढंच आलं असतं पेपरात, आतल्या पानावर, खाली. ऑटोचं नाव नाही, चिकटपट्टीचं नाव नाही, आणि तुमचं तर नाहीच नाही.

एवढं लिहून झाल्यावर एक गोष्ट कबूल करणं भाग आहे. अण्णांनी ऑटो हौसेनं बसवलेला नाही.

आपल्या निफाड तालुक्यातली थंडी कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राच्या आकड्यांनी दर हिवाळ्यात बातमीत येते. पारा पाच अंशांच्या खाली गेला की वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे धुकं टिपायला येतात. त्याच दिवसांत रात्री एक वाजता लाइट येते. गोदाकाठच्या उसात बिबट्या आहे, हे सांगायला वनखात्याची गरज नाही. पिंजरे लागलेले दिसतात. साठी ओलांडलेल्या माणसानं त्या अंधारात बॅटरी घेऊन, काठी आपटत विहिरीवर जायचं ते एक हिरवं बटण दाबायला. स्वतःचा मुलगा नाशिकला कंपनीत. गडी मिळत नाही. अशा माणसाला कुणी ऑटो विकला तर तो घेणारच. दिवसा वीज देण्याची घोषणा जुनी आहे. सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली, 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. पण ज्याच्या वाहिनीला अजून रात्रीचीच पाळी आहे, त्याची झोप घोषणेनं परत येत नाही.

पैशाचंही तसंच. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, लिलाव बंद पडले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली ती मे 2024 पर्यंत. चाळीतला कांदा निर्णयाची वाट बघत कोंब धरायचा थोडाच थांबतो? अशा वर्षी नवी केबल, पाइप आणि खांब घेण्याचं काम पुढल्या हंगामावर जातं, आणि पुढल्या हंगामात त्याच्या पुढल्या. केबलची किंमत अण्णांच्या तोंडून आधी निघाली, कारण ती त्यांच्या डोक्यात आधीपासूनच होती. माणूस वाईट नाही. दुपारी त्याच मुलाला त्यांनी घरात बोलावून जेवायला घातलं, भाकरी आग्रहानं वाढली, आणि मग पैसे कापले.

पण अण्णा, खांबाला पैसे लागतात, कठड्याला लागतात. “विहिरीपासून पेटीपर्यंत गवतात केबल आहे, ऑटो आहे, मी फ्यूज काढून ठेवतो” हे सांगायला काय लागतं? जुन्या विहिरीभोवती चार काठ्या रोवून लाल चिंधी बांधायला कुठल्या बँकेचं कर्ज हवं? बाटल्या गोळा करायला एक गोणी पुरते. नातवाला तासभर ओट्यावर बसवायला तर गोणीही लागत नाही.

तो मुलगा आता काम घेण्याआधी मळा चालून बघतो. मालक पुढं, तो मागं. विचारतो: मोटर कुठली, पेटी कुठं, ऑटो आहे का, विहिरी किती, कुंपणात झटका मशीन आहे की कुणी सरळ आकडा टाकलाय. केबलच्या बाजूचं गवत कापताना पातं काढून मशीनला नायलॉनची दोरी लावतो आणि त्या पट्ट्याचे पैसे वेगळे सांगतो, कारण दोरीनं वेळ जास्त जातो. यावर पंचक्रोशीत नाराजी आहे. ‘पोरगं लई शहाणं झालं’ अशी तक्रार दोन-तीन मळ्यांतून ऐकू आली, त्यातला एक मळा आपला.

कळावे, लोभ असावा,
आपल्याच शिवारातल्या मशीनवाल्यांच्या वतीनं.

ता. क. : चाळीमागचं राहिलेलं गवत काढायला तो रविवारी येतो आहे. फ्यूज काढून खिशात ठेवा. गड्याच्या किंवा नातवाच्या नको, स्वतःच्या. आणि कापलेले पैसे त्याच वेळी दिलेत तर तो ‘नको’ म्हणणार नाही, त्याला विचारून घेतलं आहे.