पळीभर तेल

अंधेरीला जुन्या नागरदास रोडवरच्या आमच्या इमारतीत लिफ्ट बंद पडली की बाकीचे वॉचमनला हाका मारतात. दुसऱ्या मजल्यावरचे नाना मात्र, कप्पीचा शोध कुठे लागला, ते सांगायला लागतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना विज्ञानाच्या इतिहासानं झपाटलंय. तोंडी दोनच प्रश्न: "त्याच्या आधी कोण?" आणि "पुरावा?"

माझा मुलगा त्यांच्याकडे त्रिकोणमिती शिकायला गेला. दीड तासानं एकही गणित न सोडवता खुशीत परतला. "बाबा, आपली 'ज्या', तिलाच 'जीवा' म्हणायचे. अरबांनी तिचं 'जीबा' केलं. पुढे कुणीतरी ते 'जैब' वाचलं. जैब म्हणजे अंगरख्याचा गळा, खिसा! त्याचं लॅटिन झालं 'सायनस', त्याचं साइन." चाचणीत वीसपैकी सहा मिळाले.

नानांची पंचाईत ही, की ते कुणाच्याच बाजूचे नाहीत. गणपतीत कुणी म्हणालं, तळपद्यांनी 1895 साली चौपाटीवर विमान उडवलं, की आलंच: "पुरावा?" मग 1974 साली बंगळूरच्या पाच शास्त्रज्ञांनी 'वैमानिक शास्त्रा'तली विमानं कागदावर तपासली आणि ती उडणं अशक्य ठरवलं, हे भर आरतीत. प्रसाद हातात पडेपर्यंत नानांच्या देशप्रेमाबद्दल कुजबुज सुरू. तेच सहाव्या मजल्यावरचा आयटीवाला "आपल्याकडे विज्ञान आणलं ते इंग्रजांनीच" म्हणाला, तर त्याला जिन्यात गाठून केरळच्या माधवाची पाय काढायची श्रेणी ऐकवली. लायब्निट्झच्या दोनशेहून जास्त वर्षं आधीची! तो बिचारा हल्ली लिफ्टशिवाय खाली उतरत नाही.

घरात कात्रणं पलंगाखाली, फ्रिजवर, देवघराच्या फळीवर. "काल गव्हाच्या डब्यात भास्कराचार्य निघाले," काकू सांगतात. तक्रार करतात, पण नाना एशियाटिकला निघाले की त्यांच्या पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि भिंग न विसरता ठेवतात.

नानांचं खरं प्रेम चाळीसगावजवळच्या पाटणवर. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला. त्या दानाचा 1207 सालचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. मुंबईतला डॉक्टर, रोगी सांभाळून शिलालेख वाचायचा! नाना हे सांगताना आवाज खाली आणतात. "आणि शेवटी चक्क मराठी आहे रे. घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यायचं. गणितासाठी तेल्यांकडून तेल!" त्यानंतर ते आठवडाभर आपल्या तेली गल्लीत भाजी घ्यायला जात आणि नुसतेच दुकानांच्या पाट्या बघत उभे राहत. कोथिंबीर राहायची.

सोसायटीच्या सभेत त्यांनी कात्रणांसाठी एक कपाट मागितलं. गळक्या टाकीवरून जुंपली होती, आणि हे उठून म्हणाले, "पाटणच्या तेल्यांनी आठशे वर्षांपूर्वी..." सेक्रेटरींनी हात जोडले. एवढ्यात मागच्या बाईंनी विचारलं, "मेंटेनन्समध्ये तेल धरणार का?" हशा पिकला. नानाही हसले, पण बसले नाहीत. दोन सभा असंच. तिसऱ्या सभेत ठराव झाला: जिन्याखालचं लोखंडी कपाट नानांना.

किल्ली द्यायला मीच गेलो. नाना शब्दकोश उघडून बसले होते.

"अरे, संस्कृतात कपाट म्हणजे दार. मग आपलं हे कपाट त्यातून आलं, की इंग्रजांच्या कबर्डातून?"

"नाना, किल्ली घ्या."

"थांब. आधी पुरावा बघू."

आतून काकू म्हणाल्या, "द्या ती माझ्याकडे. मला गव्हाचा डबा मोकळा हवाय."