वाटीभर पोटोबा

वजन घटवण्यासाठी पोटावर जी शस्त्रक्रिया करतात तिला वैद्यकशास्त्रात बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. ‘बॅरोस’ म्हणजे वजन आणि ‘इयाट्रिकोस’ म्हणजे उपचारासंबंधीचे, अशा दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव बनले असून, नवी मुंबईतील बहुतेक कुटुंबांत त्याचा उच्चार टाळून ‘पोटाचं छोटंसं ऑपरेशन’ एवढ्यावर भागवले जाते. हे ‘छोटंसं’ विशेषण ऑपरेशनाला लावलेले असले, तरी शास्त्रदृष्ट्या ते पोटाला लावणे अधिक अचूक ठरेल. या विषयावरील ग्रंथसंपदा विपुल आहे, तथापि तिच्यात एक ठळक उणीव राहून गेली आहे: ती रुग्णाच्या जठराचा सूक्ष्म विचार करते आणि त्याच्या ताटात वाढणाऱ्या हाताचा मुळीच करत नाही. जठर एक-दोन तासांत लहान करता येते. पळी लहान करण्याची शस्त्रक्रिया मात्र वाशीपासून खारघरपर्यंतच्या कोणत्याही रुग्णालयात अद्याप उपलब्ध नाही.

ही शस्त्रक्रिया कोणाची करावी, हे प्रामुख्याने बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय या आकड्यावरून ठरते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो, आणि त्याचे सूत्र अ‍ॅडॉल्फ क्वेटले या बेल्जियन विद्वानाने १८३२ च्या सुमारास मांडले. क्वेटले हा मूळचा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ असल्यामुळे मोठ्या गोलाकार वस्तूंची मोजदाद हा त्याच्या आवाक्यातला विषय होता. आता १६५ सेंटिमीटर उंचीचा आणि ९५ किलो वजनाचा, मधुमेह जडलेला एक सानपाडेकर कल्पावा. त्याचा बीएमआय ३४.९ भरतो. आशियाई शरीरात चरबीचे दुष्परिणाम कमी वजनालाच सुरू होत असल्यामुळे, या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनांच्या २०२२ च्या शिफारशींनुसार आशियाई रुग्णाच्या बाबतीत २७.५ च्या पुढेच शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. म्हणजे डॉक्टरांच्या लेखी हा गृहस्थ पुरेसा जाड आहे. परंतु विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या नियमांत ही मर्यादा ४०, किंवा मधुमेहासारखी व्याधी सोबत असल्यास ३५ अशी धरलेली आहे, आणि त्या हिशेबाने तो सुमारे तीनशे ग्रॅमने कमी पडतो. वजन घटवण्याच्या खर्चासाठी आधी तीनशे ग्रॅम वजन वाढवावे लागण्याचा हा प्रसंग दर्शनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावा. सानपाडेकर स्वतः त्यावर फार विचार करत नाही; तीनशे ग्रॅम म्हणजे त्याच्या दृष्टीने एक पावभाजी असते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया दुर्बिणीने, म्हणजे पोटावर चार-पाच लहान छिद्रे पाडून केली जाते. तिचा आज सर्वाधिक रूढ असलेला प्रकार म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. त्यात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने शिवत-कापत काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी मागे ठेवतात, जिच्यात जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर ऐवज मावतो. मिलिलिटर हे परिमाण मराठी घरात औषधाच्या बाटलीपलीकडे चालत नसल्याने, ही जागा आमटीच्या एका वाटीएवढी असते असे सांगितल्यास अधिक चांगला बोध होईल. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची, म्हणजे अर्ध्या कटिंग चहाएवढी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. सेझार रू या स्विस शल्यचिकित्सकाच्या नावाने ओळखली जाणारी ही जोडणी इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसते. स्लीव्हचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. अतिस्थूल रुग्णांवर करावयाच्या दोन टप्प्यांच्या एका मोठ्या शस्त्रक्रियेचा ती केवळ पहिला टप्पा होती, पण त्या टप्प्यावरच अनेकांचे वजन एवढे उतरले की दुसऱ्याची गरजच उरली नाही. पहिल्या टप्प्यातच काम पूर्ण झाले, ही गोष्ट नवी मुंबईच्या रहिवाशाला पटवून देणे कठीण जाते, कारण बेलापूर ते पेंधर या अकरा किलोमीटरच्या मेट्रोचे काम २०११ साली सुरू होऊन गाडी धावली ती १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. त्याच २०११ साली भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष आणि आपल्या खवय्येगिरीबद्दल स्वतःच मोकळेपणाने बोलणारे नितीन गडकरी यांनी मुंबईत वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. तो प्रकल्प मेट्रोच्या बराच आधी मार्गी लागला, एवढीच नोंद येथे पुरेशी आहे.

कापून काढलेल्या भागाबरोबर आणखी एक गोष्ट शरीराबाहेर जाते. जठराच्या वरच्या घुमटाकार भागात घ्रेलिन नावाचे संप्रेरक तयार होते, जे मेंदूला भूक लागल्याची वर्दी देते. १९९९ साली जपानी संशोधकांनी त्याचा शोध लावला. पोटात कावळे ओरडतात, हे निरीक्षण मराठी भाषेने त्याच्या कितीतरी आधी नोंदवून ठेवले होते. फक्त ते कावळे कोणत्या फांदीवर बसतात ते तिला ठाऊक नव्हते. स्लीव्हमध्ये ती फांदीच छाटली जात असल्यामुळे पुढचे अनेक महिने रुग्णाला भूक फारशी जाणवत नाही आणि घड्याळाकडे पाहून जेवावे लागते. घरच्यांना हे सहन होत नाही. ‘भूक नाही’ या विधानाचा मराठी घरात ‘राग आला आहे’ हा एकच अर्थ होतो, आणि समजूत घालण्याचा मार्ग अर्थातच शिऱ्यावरून जातो.

शस्त्रक्रियेनंतरचा आहार टप्प्याटप्प्याने वाढवतात, कारण टाक्यांची ओळ भरून येईपर्यंत तिच्यावर ताण पडू द्यायचा नसतो. पहिले एक-दोन दिवस केवळ आरपार दिसणारे द्रव, म्हणजे नारळपाणी, गाळलेले सूप, डाळीवरचे पाणी; मग साधारण दोन आठवडे ताक, दूध, पातळ पेज यांसारखे दाट द्रव; त्यानंतर दोनेक आठवडे मिक्सरमधून काढलेले गुळगुळीत अन्न; पुढे मऊ खिचडी, अंडे, पनीर, उकडलेला मासा; आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण, अर्थात वाटीच्या मापाने. येथे पुरणपोळी करणाऱ्या समाजाची एक ऐतिहासिक चूक उघडकीस येते. शिजलेल्या हरभरा डाळीवरचे जे पाणी आमटीसाठी बाजूला काढतात त्याला कट म्हणतात, आणि आजवर पाहुण्याचा मान पुरणाने आणि घरच्यांचा कटाने राखला गेला. आता मुख्य पाहुण्यापुढे नुसता कट ठेवायचा, तोही गाळून आणि तिखटाशिवाय, आणि पुरण बाकीच्यांनी खायचे, हा उलटा क्रम सासुरवाडीला पचत नाही. मिक्सरचा टप्पा तर याहून क्लेशकारक असतो. आहारतज्ज्ञ बाईंनी ‘सगळं मिक्सरमधून काढा’ असे म्हटल्यावर पोळी, भाजी, वरण आणि कोशिंबीर ही मंडळी एकाच भांड्यात फिरवून त्यांचा करडा लगदा तयार करणारी घरे आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते पदार्थ वेगवेगळे वाटण्याची मुभा सर्व आहारतक्त्यांत ठळक अक्षरांत छापली गेली पाहिजे.

पाण्याचा विषय आणखी नाजूक आहे. दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी पोटात जायला हवे, पण एका वेळी घोटभरच, आणि जेवणाबरोबर तर अजिबात नको. जेवणाआधी आणि नंतर सुमारे अर्धा तास पाणी वर्ज्य असते, कारण वाटीतली निम्मी जागा पाण्याने अडवली तर अन्नाने जायचे कोठे? तांब्या तोंडापासून चार बोटे उंच धरून गटागटा पाणी पिण्याची कला ज्यांनी हयातभर जोपासली, त्यांना हे फार जड जाते. वास्तविक या मापाचे पाणी पिण्याची शास्त्रोक्त पद्धत आपल्याकडे पूर्वापार उपलब्ध आहे. आचमनासाठी तळहातावर उडदाचा दाणा बुडेल एवढेच पाणी घ्यावे, असे जुने शास्त्रकार सांगतात. त्या हिशेबाने दोन लिटर संपवायला अखंड अनुष्ठान मांडावे लागेल हे खरे. पण नेरूळहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला रोज जाणाऱ्याला तासाभराचा सलग वेळ आयताच मिळतो आणि शेजारच्या प्रवाशांचा आदरही.

सर्वांत कठोर हिशेब प्रथिनांचा. जखम भरून यावी, स्नायू टिकावेत आणि केस जागेवर राहावेत म्हणून दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. घट्ट वरणाच्या एका वाटीत सहा-सात ग्रॅम आणि एका अंड्यात सहा ग्रॅम हे प्रमाण लक्षात घेतले, तर निव्वळ वरणावर ६० ग्रॅम गाठायला नऊ-दहा वाट्या लागतील, आणि पोट तर एकाच वाटीचे. म्हणून प्रथिनांची पावडर घरात येते. वरणभात-तूप-लिंबू या चतुष्टयावर तीन पिढ्या वाढवलेल्या आजींना हा डबा पाहून वाटणारे दुःख व्यायामशाळेतल्या तरुणाला कळायचे नाही. त्यांच्या क्रमात भात पहिला आणि भाजी तोंडी लावण्यापुरती; नव्या क्रमात आधी प्रथिने, मग भाजी, आणि जागा उरली तर भात, जी उरत नाही. शिवाय मऊ, चिकट भात आणि पाव हे पदार्थ सुरुवातीला या अरुंद नळीत गोळा होऊन बसतात. रुग्ण त्याला ‘अडकलं’ एवढेच म्हणतो, छातीवर हात ठेवतो, आणि बाकीचे ताट तसेच राहते. वडापावापैकी पाव टाकून वडा खावा, असा शोध या अनुभवातून वाशी स्थानकाबाहेर काहींनी लावल्याचे दिसते, परंतु तळणाच्या प्रश्नावर हा शोध मौन पाळतो. या बाबतीत दिवाळे गावच्या मासळी बाजाराची बाजू मात्र भक्कम आहे. ताजा बोंबील एवढा मऊ आणि पाणीदार असतो की त्याला मिक्सर दाखवण्याचीही गरज पडत नाही, आणि काटे पाहून, वाफवून, कमी तिखटाने केल्यास तो मऊ आहाराच्या टप्प्यात चपखल बसतो. आगरी-कोळी स्वयंपाकघराला यात अडचण एकच: ‘कमी तिखट’ हा शब्दप्रयोग तेथे आजाऱ्यापेक्षा बाहेरगावच्या माणसासाठी राखून ठेवलेला असतो.

सणवाराला डम्पिंग नावाचा प्रकार गाठतो. साखर किंवा गूळ जठरात न रेंगाळता एकदम आतड्यात उतरला की आतडे भोवतालचे पाणी ओढून घेते आणि अर्ध्या तासाच्या आत छाती धडधडणे, घाम, चक्कर, पोटात कळा, अशी लक्षणे दिसतात. बायपासनंतर हे अधिक आढळते, स्लीव्हनंतर कमी. गणेशोत्सवात एका संध्याकाळी सेक्टर बदलत चार घरच्या गणपतींना जायचे आणि प्रत्येक ठिकाणी एक उकडीचा मोदक घ्यायचा, हा नियम ज्याने एकदा पाळला, त्याला तिसऱ्या घरच्या आरतीला घाम का फुटला याची चर्चा यजमानीण बाई भक्तिभावाच्या अंगाने करतात.

कारण खरे कोणालाच सांगितलेले नसते. नातेवाइकांना बहुधा पित्ताशयाच्या खड्यांचे ऑपरेशन झाल्याचे कळवलेले असते. हे असत्य निवडताना एक तपशील दुर्लक्षित राहतो: वजन झपाट्याने उतरू लागले की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता खरोखरच वाढते, आणि म्हणून कित्येक डॉक्टर पहिले सहा महिने त्यावर गोळ्या देऊन ठेवतात. म्हणजे सहा-आठ महिन्यांनी एखाद्यावर तीच थाप दुसऱ्यांदा, आणि या वेळी खरी म्हणून, सांगण्याची पाळी येते, तेव्हा नातेवाईक विचारतात की खडे मागच्या वेळी काढले होते ना? तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान केसही गळू लागतात. ही गळती बहुधा तात्पुरती असते, पण तिचे खापर नवी मुंबईच्या पाण्यावर फोडून वेळ निभावता येते. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र कायम घ्याव्या लागतात, आणि त्या सुटल्या तर हातापायांना मुंग्या येण्यापर्यंत मजल जाते. ताप, वाढती पोटदुखी, न थांबणारी उलटी किंवा बसल्याजागी नाडी जलद होणे, यांपैकी काही झाले तर घरचा काढा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचे असते. टाक्यांतून गळती होणे विरळा असले तरी ती थट्टेची गोष्ट नव्हे.

चालणे शस्त्रक्रियेच्या दिवशीच सुरू करतात, जेणेकरून पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत. महिन्याभराने हा मनुष्य पहाटे सीवूड्सच्या तळ्याकाठी दिसू लागतो, जेथे हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. मान खाली घालून, उलट्या चोचीने चिखलपाणी गाळत ते तासन्‌तास सूक्ष्म शेवाळ आणि किडे टिपत असतात: लहान घास, संथ गती, आणि ‘अजून एक घ्या’ म्हणणारे कोणी नाही. आहारतज्ज्ञ जे तक्त्यावर लिहून देतात ते येथे पाण्यात उभे असते. तथापि हा पक्षी चिवडा खात नाही, आणि फरक नेमका तेथे पडतो. वाटीचा पहारा जेवणावर बसतो. डब्यातून येता-जाता घेतलेल्या मुठीवर बसत नाही, कारण चिवडा कुरकुरत, विरघळत, जागा न अडवता खाली सरकतो. दीड-दोन वर्षांनी उतरलेले वजन पुन्हा चढू लागते तेव्हा डॉक्टर जठराचा फोटो मागवतात. चिवड्याच्या डब्याचा मागवला तर निदान लवकर होईल.

आणि मग करावे गावात कोणाच्या तरी हळदीचे आमंत्रण येते. तांदळाच्या भाकरी रचलेल्या असतात, मटणाचे टोप उकळत असतात, आणि ज्याच्या ताटात रस्सा सांडत नाही त्याचा यजमानाने अपमान केला असे मानण्याची पद्धत असते. आपला गृहस्थ भाकरीचा कोपरा मोडतो, मटणाचा एक मऊ तुकडा तीस वेळा चावतो, वीस मिनिटांत अर्धी वाटी संपवून हात आखडता घेतो. वाढप करणाऱ्या मावशींना संशय येतो. खूप आढेवेढे घेतल्यावर तो शेवटी खरे काय ते सांगतो: पोटाचे ऑपरेशन झाले आहे, आता एका वाटीपेक्षा जास्त जात नाही. मावशींचे डोळे भरून येतात. एवढी अडचण असताना लेकरू आपल्याकडे आले, याचे त्यांना कौतुक वाटते, त्या लगबगीने आत जातात, आणि घरातली सर्वांत मोठी वाटी घेऊन बाहेर येतात.