फौजदाराचं अंडं

पोराने लातूरहून चार कबुतरं आणली, तेव्हा आई ओसरीवर तूर निवडत बसली होती. तिने सुपातून मान वर केली, पिंजऱ्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "हे काय करलालास रे? कबुतरं काय दूध देनार हैत का?"

कबुतरं पोराने आणली होती, तरी प्रश्न मला. आमच्या घरात गुन्हा कोणीही करो, समन्स माझ्याच नावाने निघतं.

अकबर बादशहा कबुतरं उडवण्याला 'इश्कबाजी' म्हणत असे, असं 'आईने-अकबरी'त आहे. आमच्या आईने त्याला 'रिकामटेकडेपना' हे नाव दिलं. इतिहासात दोन्ही नोंदी राहाव्यात म्हणून सांगितलं.

विकणाऱ्याने दोन जोड्या म्हणून दिली होती. "नर-मादी चुकली तर मिशी उतरवीन," असंही बोलला होता. त्याला मिशीच नव्हती हे पोराच्या लक्षात आलं तोवर गाडी रेणापूर नाका सोडून पुढे निघाली होती. त्याची परीक्षा अशी : एका हातात चोच, दुसऱ्या हातात पाय धरून कबूतर हलकेच ताणायचं. शेपटी खाली दाबली तर नर, वर उचलली तर मादी. मला कोणी तसं ताणलं असतं तर शेपटी मीही कुठेतरी हलवलीच असती.

कोंबड्याला तुरा असतो, मोराला पिसारा असतो. कबुतराच्या नर-मादीत मात्र देवाने एकाच ठाणातलं कापड वापरलंय. नर जरा थोराड, मान जरा जाड, डोकं जरा गोल. सगळी भिस्त त्या 'जरा'वर. नर घुमतो, गळा फुगवून गिरक्या घेतो, शेपटी जमिनीवर घासत मादीमागे फिरतो हे खरं. पण अंगात रग असलेली मादीही घुमते, गिरकी घेते. शेपटीखालची दोन हाडं बोटाने चाचपून पाहणारे जाणकार असतात. अंडी घातलेल्या मादीची हाडं अंमळ फाकलेली लागतात म्हणे, पण कोवळ्या पाखरात तेही फसतं. पिसाची डीएनए तपासणी करता येते. मी स्वतःच्या रक्तातली साखर तपासायची टाळतो. कबुतराचं पीस कुठे पाठवत बसू?

म्हणून आम्ही स्वभावावरून ठरवलं. वडिलांचं दप्तराचं सागवानी कपाट, दारं निखळलेलं, माळवदावर नेऊन ठेवलं. तीन खणांची ढाबळ झाली. पहिल्याच दिवशी निळसर, पंखांवर दोन काळे पट्टे असलेल्या कबुतराने वरचा खण बळकावला. दुसरं कोणी तिकडे फिरकलं की पंखाचा फटका, आणि पळालंच नाही तर मानेची पिसं उपटायची. ज्वारीच्या ताटलीत मधोमध उभं राहून जेवायचं. नाव पडलं फौजदार. त्याचा सगळ्यात जास्त मार खाणारं पांढरं कबूतर कोपऱ्यात मान घालून बसायचं. ती सुशीला. उरलेली दोन तांबडी नेहमी एकमेकांना खेटून असत, म्हणून राजा आणि राणी.

निजामाची राजवट संपली त्या 1948 साली आई सात वर्षांची होती. फौजदाराचे प्रताप पाहून ती एवढंच म्हणाली, "रझाकार हाय मेला." आमच्या मराठवाड्यात याहून मोठी शिवी नाही.

मी मात्र बायकोला शास्त्र समजावत होतो. "नर असाच असतो. हद्द सांभाळणं, दरारा ठेवणं, निसर्गच आहे तो."

"अहो, मग गॅसवाल्याशी भांडायला दर वेळी मला का पाठवता?"

शास्त्र तिथेच थांबलं.

शांततेचं प्रतीक म्हणून कबुतराची ओळख करून देणाऱ्यांनी एकदा ढाबळीत डोकावावं. 1949 साली पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी पिकासोचं कबूतर भित्तीपत्रकावर झळकलं. पुढे नोबेल मिळवणाऱ्या कोन्राड लॉरेन्झ यांचं प्राण्यांविषयीचं पुस्तक त्याच वर्षी जर्मनमध्ये निघालं. त्यात त्यांनी एका पिंजऱ्यात दोन होले ठेवल्याची हकिगत आहे. साहेब परगावी जाऊन दुसऱ्या दिवशी परतले, तो एक पाखरू तळाशी पडलेलं, डोक्यापासून पाठीपर्यंत सोललेलं, आणि दुसरं त्याच्यावर उभं राहून अजून टोचतंच होतं. कुत्र्यांच्या भांडणात हरलेल्याला पळ काढता येतो. पिंजऱ्यातलं पाखरू पळणार कुठे? आता त्यातली मेख : मार खाणारा नर होता आणि मारणारी मादी. हे मी वाचलं होतं, तरी फौजदार मला फौजदारच दिसत होता.

उपाय म्हणून फौजदाराला आठ दिवस कोंबड्यांच्या डाल्याखाली निलंबित केलं. दादागिरी करणाऱ्याला काही दिवस बाजूला काढलं की त्याची जागा दुसरे घेतात आणि परतल्यावर त्याला नव्याने सुरुवात करावी लागते, असा कबूतरवाल्यांचा अनुभव. आमचा फौजदार परतला, दोन दिवस चौकशी चालू असल्यासारखा गप्प बसला आणि तिसऱ्या दिवशी त्याच ठाण्यात, वरच्या खणात, पुन्हा रुजू झाला.

मग एका सकाळी पोरगं शिडीवरून ओरडतच उतरलं, "पप्पा, सुशीला फौजदाराला मारायली!"

आम्ही सगळे माळवदावर. खरंच, सुशीला मान फुगवून फौजदाराच्या मागे लागली होती. तो ज्वारीपाशी गेला की हुसकाव, पाण्यापाशी गेला की टोच, कठड्यावर बसला की ढकल. फौजदार पुढे, सुशीला मागे, असं सारखं खणाच्या दिशेने. बायकोने टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, "बरं झालं, जिरली मेल्याची." मी अन्याय, सहनशीलतेचा अंत वगैरे विषयांवर पोराला चार शब्द ऐकवले. दहावीच्या निबंधाला उपयोगी पडतात.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फौजदाराने अंडं घातलं.

एक दिवस सोडून दुसरं.

अंडी द्यायच्या आधी नर मादीला असा हाकत खणाकडे नेतो, दुसऱ्या नरांपासून दूर ठेवतो, धड खाऊही देत नाही. आम्ही जिला क्रांती समजून टाळ्या वाजवल्या, ती सुशीलाची नवरेगिरी होती. लाजत कोपऱ्यात बसणारी सुशीला म्हणजे नर, आणि फौजदार म्हणजे फौजदारीणबाई. नावं बदलायला पोरगं तयार होईना. आधार कार्डावर चूक झाल्यावर माणसं जशी राहतात, तशी ती राहिली.

राजा-राणीचा निकाल त्याच महिन्यात लागला. त्यांच्या खणात दोन नव्हे, चार अंडी. कबुतराची मादी एका खेपेला दोन घालते, म्हणजे हिशेब उघड होता. सतरा-अठरा दिवसांत पिल्लं यायची, ती वीस दिवस उलटले तरी आली नाहीत. राजासुद्धा राणीच निघाली. मी विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, मंग अंडी डबल आली की!"

म्हणजे चारांत एक नर, तीन माद्या आणि सगळ्यांचा डोळा एकाच वरच्या खणावर. भांडण नर-मादीचं कमी आणि जागेचं जास्त. कबुतराला उंच जागा हवी असते. खालच्या मजल्यावर राजीखुशीने राहणारं कबूतर मी पाहिलेलं नाही. मी सुताराकडून जोड्यांपेक्षा जास्त, सहा खण एकाच उंचीवर, एका ओळीत ठोकून घेतले. ताटल्या दोन मांडल्या, एकमेकींपासून लांब. फौजदारीणबाई एका ताटलीची हद्द सांभाळीत तोवर बाकीचे दुसरीत जेवत. पिसं उपटणं आठवडाभरात थांबलं. अंघोळीची परातही दुसरी ठेवली. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या जिल्ह्यात कबुतरांना दोन-दोन न्हाणी, यावर आईने जे म्हटलं ते छापता येत नाही.

सुशीला नवरा म्हणून मात्र उत्तम. सकाळी दहाच्या सुमारास अंड्यांवर बसायचा, दुपार सरली की उठायचा, मग रात्रभर बाई. कचेरीचीच वेळ, फक्त मधे चहाला उठणं नाही. पक्ष्यांत पिल्लू नर की मादी हे मादीच्या गुणसूत्रावर ठरतं. माणसांत ते बापावर ठरतं, तरी बोलणी बाईनेच खाल्ली. ढाबळीत निदान त्यावरून कोणी कोणाला माहेरी धाडलं नाही.

अठराव्या दिवशी पिल्लं आली. उघडी, आंधळी, पिवळट लव असलेली. सुशीला त्यांच्या चोची आपल्या चोचीत घेऊन मान हलवू लागला. मी आईला सांगितलं, की कबुतराच्या अन्नपिशवीत पिल्लांसाठी दुधासारखं घट्ट काहीतरी तयार होतं. आईच्याही आणि बापाच्याही. पहिले काही दिवस पिल्लं त्यावरच वाढतात.

"बाप्या दूध पाजतोय?"

गुडघे धरून, पोराच्या खांद्याचा आधार घेत, ती शिडी चढली. बराच वेळ खणापुढे उभी राहिली. सुशीलाने एकाला पाजलं, मग दुसऱ्याला. मग ती माझ्याकडे वळली.

"आन् तुला नुस्तं पातेल्याकडं बघ मनलं तरी उतू जातंय."