दोन ‘रु’

भाचीचं नाव बी.एस्सी.च्या दोन मेरिट लिस्टमध्ये लागलं आणि डोंबिवलीच्या घरात एकदम दोन स्थळं सांगून आल्यासारखी धांदल उडाली. एक रुईया, दुसरं रुपारेल. दोन्ही माटुंग्याचीच. आमच्या आईनं, म्हणजे तिच्या आजीनं, गोंधळ नको म्हणून पहिल्याच दिवशी दोघांना मिळून ‘रु’ असं नाव देऊन टाकलं. “कुठलं रु ठरलं?” असं ती सकाळ-संध्याकाळ विचारायची. भाऊजी म्हणायचे, फीचा आकडा बघितला की दोन्हीकडे ‘रु.’च दिसतो, आई म्हणतायत ते बरोबर आहे.

भाऊजी बँकेत आहेत. त्यांनी लगेच लॅपटॉप उघडून एक्सेलमध्ये तक्ता मांडला. उभे रकाने दोन, आडवे सतरा. स्थापना, फी, अंतर, प्लेसमेंट, फॅकल्टी, कॅन्टीन. स्थापनेच्या रकान्यात रुईया 1937 आणि रुपारेल 1952 असं भरून त्यांनी पंधरा वर्षांच्या ज्येष्ठतेचा एक गुण रुईयाला दिला. कॉलेज म्हणजे काय लोणचं आहे, मुरलं म्हणून गुण द्यायला? पण जावयाशी वाद घालायचा नाही, हा आमच्या घरचा दंडक. मी गप्प बसलो.

मला बोलावलं होतं ते ‘सायन्सवाला मामा’ म्हणून. मी रसायनशास्त्राचा पदवीधर. पुढची तीस वर्षं विमा विकला, ही गोष्ट अशा वेळी कुणी काढत नाही. मी अधिकारवाणीनं माहिती पुरवली: रुईया शिक्षण प्रसारक मंडळीचं, म्हणजे जिचं पुण्यात एस.पी. आहे तिचं, रुपारेल मॉडर्न एज्युकेशन सोसायटीचं, म्हणजे जिचं पुण्यात वाडिया आहे तिचं. ताई म्हणाली, “म्हणजे मुंबईत राहून, मुंबईत लोकलचे धक्के खाऊन शेवटी पुण्याच्याच ताब्यात जायचं?” या मुद्द्यावर तक्त्यात रकाना नव्हता.

रुईयाला 2017 पासून स्वायत्तता आहे, तेव्हा अभ्यासक्रम तिथलेच लोक ठरवतात. भाऊजींना हे फार आवडलं. त्यांना स्वतःला घरात कधी मिळाली नाही म्हणूनही असेल.

आमच्या वेळी ही भानगडच नव्हती. रुळांच्या अलीकडे शिका नाहीतर पलीकडे, टी.वाय.ला विद्यापीठाचा पेपर एकच. सॉल्टसुद्धा तीच. किप्सच्या उपकरणातून निघणारा सडक्या अंड्यांचा वास दोन्ही प्रयोगशाळांत सारखाच दरवळायचा, आणि नायट्रेटची तपकिरी कडी दोन्हीकडे परीक्षेच्या दिवशीच यायची नाही. तरीही घराघरांतून तासन्‌तास खल व्हायचा. एकच डाळ, एकच तांदूळ, पण खिचडी कुणाच्या घरची यावरून भांडण.

आणि मी माझं कॉलेज कसं निवडलं, हे मी त्या बैठकीत सांगितलं नाही. जुलैचा पहिला आठवडा होता, फी भरायचा शेवटचा दिवस. मनात पलीकडचं कॉलेज पक्कं होतं. माटुंगा स्टेशनवर उतरलो तर आभाळ फाटलेलं. पलीकडे गुडघाभर पाणी अशी बातमी फलाटावरच कळली. खिशात फीचे पैसे, ते भिजले तर वडिलांना काय सांगायचं? रूळ ओलांडून पश्चिमेला जाण्याऐवजी मी जवळच्या रुईयाच्या दिशेनं पळत सुटलो आणि तिथल्याच रांगेत उभा राहिलो. मध्य रेल्वे आणि नैऋत्य मोसमी वारे यांनी मिळून माझं करिअर ठरवलं. घरी सांगितलं, तिथलं केमिस्ट्री डिपार्टमेंट फार नावाजलेलं आहे.

भाचीला मात्र मी म्हटलं, तक्ता राहू दे, चल, दोन्हीकडे पायांनी जाऊन येऊ. डोंबिवलीहून फास्ट, दादरला उतरून उलटी स्लो, माटुंगा. आधी पूर्वेकडचं बघितलं. मग मध्य आणि पश्चिम अशा दोन रेल्वेंना जोडणारा तो लांबलचक पूल, ज्याला आकारावरून सगळे झेड ब्रिज म्हणतात. त्यावरून चालताना कळतं की सरळ पलीकडे जाणं मुंबईत कुणाच्याच नशिबी नसतं; आधी इकडे वळायचं, मग तिकडे. पुलाच्या मधोमध ती थांबली. खालून गाड्या जात होत्या. मला वाटलं, आता ही काहीतरी खोल विचारणार. तिनं विचारलं, “मामा, भूक लागली. पूर्वेला परत जाऊन डोसा खायचा का?” मी या विचाराला मनातल्या मनात पूर्वेकडच्या रकान्यात दोन गुण दिले. पण तिला म्हटलं, आधी काम.

दोन्ही ठिकाणी केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेच्या दारातून डोकावलो. तेच काळवंडलेले ओटे, तेच वाकलेले नळ, बाटल्यांवर तीच अर्धवट पुसलेली अक्षरं. एका ठिकाणी मी वास घेऊन डोळे मिटले, तर भाची म्हणाली, “गॅस लीक आहे का?” तिथल्या खाकी शर्टातल्या अटेंडंट काकांनी आम्हाला हटकलं. ॲडमिशनसाठी आलोय म्हटल्यावर त्यांनी तिला नखशिखांत न्याहाळलं आणि एकच प्रश्न विचारला: “पिपेट तोंडानं ओढतेस का?”

“नाही,” ती म्हणाली.

“मग ये. आणि लांब केस बांधून यायचं. बर्नर आहेत इथे. मागच्या वर्षी एकीची वेणी वाचवली मी.”

बाहेर पडल्यावर ती म्हणाली, “मामा, माझं ठरलं. इथेच.”

“का गं?”

“त्या काकांना माझ्या केसांची काळजी वाटली ना. बाकी कुणी ते विचारलंच नव्हतं.”

रात्री भाऊजींनी तक्ता उघडला आणि विचारलं, नेमकं कशावर ठरलं? भाचीनं माझ्याकडे पाहिलं. मी घसा खाकरला आणि सांगितलं, “फॅकल्टी.” त्यांनी त्या रकान्यात समाधानानं बरोबरची खूण केली.

आतून आई ओरडली, “ठरलं का? कुठलं रु?”