मशरूमचे वार

मशरूम शाकाहारी की मांसाहारी, याचा निकाल आमच्या घरात अजून लागलेला नाही. पाकिटावर हिरवा ठिपका असतो. पण आईच्या मते ठिपका सरकारचा, स्वयंपाकघर तिचं. त्यामुळे सोमवारी, मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी मशरूम शिजत नाही. आमच्या दुकानात ताजा माल येतो नेमका सोमवारी. बुधवारी चतुर्थी आली की पाकीट थेट शुक्रवारवर जातं.

आणि थांबणं हा त्या जातीचा स्वभावच नाही. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, वर साल नावाला नाही, आणि तोडल्यावरही श्वासोच्छ्वास जोरात चालू. बटाटा महिनाभर कोपऱ्यात निमूट बसतो; हा पठ्ठ्या फ्रीजमध्येसुद्धा छत्री उघडत राहतो. प्लास्टिकमध्ये आवळला की स्वतःच्याच घामात भिजतो, मग जिवाणूंची चंगळ आणि अंगाला बुळबुळ. उघडा टाकला तर सुकून चामट. म्हणून कागदी पिशवीत, तोंड नुसतं दुमडून, न धुता ठेवायचा. धुवायचा तो कढईत जाताना.

'न धुता' म्हटल्यावर घरात दोन पक्ष पडले. आमच्याकडे भाजी धुतात, फळं धुतात, करोनात तर नोटाही धुतल्या.

"शेणात उगवतं म्हणे ते," आई म्हणाली.

"शेणात नाही हो आई, गव्हाच्या काडाच्या कंपोस्टवर," बायकोनं समजावलं.

"कोंबडीखतही घालतात त्यात," मी माहितीत भर घातली.

"कोंबडी!" आईचा चेहरा उजळला. "मी काय म्हणत होते?"

कंपोस्ट वाफेवर तापवून त्यातले अपायकारक जंतू मारतात, हे माझं पुढचं वाक्य कोणी ऐकलं नाही. बायकोनं तर जेवण होईपर्यंत माझ्याकडे पाहिलंही नाही.

गोव्याच्या लोकांना असले प्रश्न पडत नसावेत. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळमी तिथे पानांत बांधून, नगावर मोजून विकतात, आणि भाव असा की घेणारा ती फ्रीजमध्ये विसरूच शकत नाही.

आमच्याकडे शेवटी तह झाला. मशरूम न धुता कागदी पिशवीत राहतात. फक्त शेजारी नैवेद्याचं लोणी असतं, म्हणून आईनं त्या कागदी पिशवीवर एक प्लास्टिकची पिशवी चढवून घट्ट गाठ मारली आहे.