पिवळ्या टी-शर्टातले बापू

बारामती ते इंदापूर या पट्ट्यात कुठल्याही चहाच्या टपरीवर थोडा वेळ उभे राहा, बापू भेटतातच. भिगवण चौकात भेटतात, वालचंदनगरच्या बाजारात भेटतात, निमगाव केतकीला पानांच्या लिलावात भेटतात. कुठे त्यांना तात्या म्हणतात, कुठे आबा, कुठे नाना. ऊस नीरा डाव्या कालव्यावर असेल नाहीतर विहिरीवर, मुलगा एमआयडीसीत असेल नाहीतर हिंजवडीला; पण पांढऱ्या पायजम्यावर पिवळा टी-शर्ट आणि पाठीवर सात आकडा हे ठरलेलं. बापूंनी चेन्नई पाहिलेली नाही. तमिळमधला त्यांना येणारा एकमेव शब्द म्हणजे धोनीला लावतात तो 'थला', आणि तोही ते शेततळ्यातल्या तळ्यासारखा उच्चारतात.

आयपीएलमध्ये धोनीची चेन्नई हरली की बापूंना वाईट वाटतं, राग येत नाही. राग येतो तो सामना संपून बातम्या लागल्यावर. धोनीवर रागवायचं नाही, चेन्नईवर तर नाहीच, अशी घरात देव्हाऱ्यासमोर शपथ घेतल्यासारखी अवस्था असल्यामुळे त्यांचा सगळा संताप एकाच ठिकाणी साठतो आणि एकाच ठिकाणी फुटतो. "ह्या मीडियावाल्यांनी वाटुळं केलं राव क्रिकेटचं!" हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून किती वेळा निघतं हे टपरीवाल्याला विचारा. बापूंनी ते उच्चारलं की तो न सांगता दुसरा कप भरतो.

या रागाचं मूळ २०१३ च्या मे महिन्यात आहे. त्याच उन्हाळ्यात इंदापूर तालुक्यातल्या एका सभेतल्या एका वाक्यावरून चॅनेलच्या गाड्या तालुक्यात घिरट्या घालून गेल्या होत्या, त्यामुळे बापू आधीच सावध होते. १६ मेला दिल्ली पोलिसांनी मुंबईत राजस्थान रॉयल्सचे तीन खेळाडू पकडले: श्रीशांत, अजित चंडिला आणि आपला मुंबईचा अंकित चव्हाण. बापूंना सुरुवातीला बरंच वाटलं. राजस्थानचे आहेत, आपल्याला काय! पण मग चॅनेलवर तो टॉवेल आला. श्रीशांतनं कमरेला टॉवेल खोचला तीच बुकीला खूण होती, असं पोलिसांचं म्हणणं. मोहालीतल्या सामन्यातला तेवढाच तुकडा चॅनेलवाले दाखवत राहिले, टॉवेलभोवती लाल गोल काढून. मागे ढोल, पुढे बाण, खाली पट्टी. त्या आठवड्यात बापू कमरेला टॉवेल खोचून दारं धरायला निघाले की ओट्यावरून कारभारीण विचारायची, "आज कुणाला खूण हाय?" बापूंनी टॉवेल खांद्यावर टाकायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

चंडिलाचं प्रकरण तर त्यांना अजून पचलेलं नाही. पोलिसांच्या म्हणण्यानुसार जयपूरच्या सामन्यात ठरलेल्या धावा त्यानं दिल्या, पण ठरलेली खूण करायलाच विसरला. "फिक्सिंग करायचं आन् खूणच इसरायची? सोसायटीच्या निवडणुकीला कुणी पोलिंग एजंट म्हणून बसवणार नाय ह्याला!" शिवाय तो सामना होता पुणे वॉरियर्सविरुद्ध. पुणे वॉरियर्सविरुद्ध कुणाला काही ठरवून करायची गरज का पडावी, हा बापूंचा प्रश्न एकाही चॅनेलनं कधी चर्चेला घेतला नाही. मला विचाराल तर त्या महिन्यातला सर्वांत अभ्यासू प्रश्न तोच होता.

२४ मेला आग बापूंच्या घरापर्यंत आली. मुंबई पोलिसांनी गुरुनाथ मय्यप्पनला अटक केली. भारतीय क्रिकेट बोर्डाचे तेव्हाचे अध्यक्ष एन. श्रीनिवासन यांचा जावई, आणि चेन्नईच्या डगआउटमध्ये बसणारा माणूस. आरोप सट्टा लावण्याचा आणि संघातली माहिती बाहेर देण्याचा. संघमालकांकडून खुलासा आला की मय्यप्पन काही मालक नव्हेत, पदाधिकारी नव्हेत, नुसते क्रिकेटचे उत्साही. बापूंना हा खुलासा मनापासून पटला. "मग! मी बी उत्साहीच हाय की!" त्यावर टपरीवरचं एक आगाऊ पोरगं म्हणालं, "मग बापू, तुमी डगआउटमध्ये का नाय? हितं टपरीवर का?" बापूंनी त्या पोराच्या वडिलांच्या थकलेल्या पाणीपट्टीचा विषय काढला आणि चर्चा संपवली. पुढे न्यायमूर्ती मुद्गल समितीनं तो माणूस संघाचा पदाधिकारीच होता असं लिहिलं, तेव्हा बापू म्हणाले, "समितीला बी टीव्हीच बघून कळलं आसंल."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बापूंच्या चिडण्यात निम्मं तथ्य असतं, आणि ते निम्मं तथ्य कुठलं हे त्यांना स्वतःला ठाऊक नसतं. २६ मेला कोलकात्यात अंतिम सामना झाला. मुंबईनं चेन्नईला २३ धावांनी हरवलं. सगळे बाद होत असताना धोनी एका बाजूनं ६३ धावांवर नाबाद राहिला. तो सातव्या क्रमांकावर इतका उशिरा का आला, यावर बापूंना बोलायचं होतं. सगळ्या तालुक्यालाच बोलायचं होतं. पण कुठलंही चॅनेल लावा, सहा खिडक्यांमध्ये सहा माणसं एकाच वेळी ओरडताहेत आणि सूत्रधार विचारतोय, 'देशाला उत्तर हवंय.' बापूंना देशाचं माहीत नव्हतं, त्यांना फलंदाजीच्या क्रमाचं उत्तर हवं होतं. ते आजतागायत मिळालेलं नाही. सट्टा म्हणजे काय, स्पॉट फिक्सिंग म्हणजे काय, दोन्हींत फरक काय, कायद्यात कशाला काय शिक्षा, हेही त्या महिन्यात कुणी शांतपणे सांगितलं नाही. सगळ्याला मिळून एकच नाव: महाघोटाळा. दोन दिवसांनी धोनी पत्रकारांसमोर आला, प्रश्न आला, तो हसला आणि गप्प बसला. त्या हसण्यावर पुन्हा चर्चा. "माणूस बोलला तर बातमी, नाय बोलला तर बी बातमी," बापू म्हणाले, "मग ह्यांना माणूस लागतोच कशाला?"

'सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार' या शब्दांवर बापूंचा विशेष राग. सूत्र म्हणजे कोण? नाव काय, गाव कोणतं, कुणाचा कोण? पण याच बापूंना यंदा कारखाना काय दर काढणार, तोड कधी लागणार, कुणाच्या नोंदीत गडबड आहे, हे सगळं सूत्रांकडूनच कळतं आणि त्यावर त्यांची गाढ श्रद्धा असते. फरक इतकाच की त्यांचं सूत्र म्हणजे कारखान्याचा चिटबॉय, आणि तो बांधावर येऊन चहा पिऊन जातो. दिल्लीच्या सूत्रानं एकदा येऊन चहा घेतला असता तर प्रकरण इतकं चिघळलं नसतं असं त्यांचं मत आहे.

बारामतीच्या बापूंना आणखी एक हक्क आहे, जो नाशिकच्या किंवा लातूरच्या बापूंना नाही. शरद पवार २००५ ते २००८ भारतीय बोर्डाचे अध्यक्ष होते, २०१० ते २०१२ आयसीसीचे. त्यामुळे जागतिक क्रिकेट हा बापूंच्या लेखी भावकीतला विषय. "साहेब तिथं असते तर ह्यातलं काय झालंच नसतं," असं ते ठणकावून सांगतात. एकदा कुणीतरी हळूच म्हणालं की आयपीएल सुरू झालं २००८ मध्ये, तेव्हा साहेबच अध्यक्ष होते. बापू बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिले. मग म्हणाले, "सुरू करणाऱ्याचं काय चुकतं? कालवा इंग्रजांनी काढला. पाणी चोरतं कोण?" हे ऐकल्यावर समोरच्या चौघांनी एकदम आपापले मोबाइल बघायला घेतले.

अटकांनंतरची दोन वर्षं सीलबंद लिफाफ्यात गेली. मुद्गल समितीनं सर्वोच्च न्यायालयाला नावं बंद लिफाफ्यात दिली होती, आणि आत काय आहे हे चॅनेलवाले लिफाफ्याच्या चित्राकडे बघून सांगत होते. १४ जुलै २०१५ ला न्यायमूर्ती लोढा समितीनं निकाल दिला. मय्यप्पन आणि राजस्थानचे सहमालक राज कुंद्रा यांना क्रिकेटमधून आजन्म बंदी, चेन्नई आणि राजस्थान दोन्ही संघ दोन वर्षांसाठी निलंबित. त्या दिवशी बापू टपरीवर आले नाहीत. अकरा दिवसांनी दिल्लीच्या न्यायालयानं श्रीशांत, चंडिला आणि चव्हाणला खटल्यातून मुक्त केलं. बापूंचा आरोप असा की अटकेला महिनाभर ढोल वाजवले आणि सुटकेला नुसती खालची पट्टी फिरवली. इथे मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. पकडलेला माणूस पडदाभर दिसतो, सुटलेल्याला पट्टीवर जागा मिळते, तीही पावसाच्या अंदाजाच्या आणि सोन्याच्या भावाच्या मध्ये. बोर्डाची बंदी तरीही कायमच राहिली, ती आणखी काही वर्षांनी कमी झाली, पण तोवर टॉवेल विसरून चॅनेलवाले कुठल्या कुठे गेले होते.

निलंबनाचा एक फायदा पुणे जिल्ह्याला झाला. २०१६ मध्ये धोनी पुण्याच्या नव्या संघाचा कर्णधार होऊन गहुंज्याला आला. थला दारात! बापूंनी पिवळा टी-शर्ट घडी करून ठेवला आणि जांभळा घेतला. पण त्या वर्षी दुष्काळ. लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं, आणि मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. धोनी विशाखापट्टणमला गेला. खेळपट्टीवर किती लिटर पाणी मारतात याचा हिशेब चॅनेलवर रोज चालला होता. या एकाच प्रसंगी बापूंनी मीडियाला शिव्या दिल्या नाहीत. लोकांना नवल वाटलं. खरं कारण त्यांनी मला नंतर बांधावर सांगितलं: "लिटर मोजणारी माणसं हायेत ती. आज गहुंज्यात मोजतायत, उद्या कालव्यानं खाली उतरत आपल्या उसात आली म्हंजे?"

पुढच्या वर्षी धोनीचं कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथला दिलं. बापू महिनाभर रुसले, मग स्मिथही 'आपला' झाला, कारण त्यानं पुण्याला अंतिम सामन्यात नेलं आणि आपण मुंबईकडून एका धावेनं हरलो. एका धावेनं हरलेला माणूस विसरता येत नाही. त्यामुळे २४ मार्च २०१८ ला केपटाउनमध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॅनक्रॉफ्टच्या खिशातून पिवळा पॉलिश पेपर निघाला आणि कर्णधार म्हणून स्मिथ अडकला, तेव्हा बापूंना स्वतःच्या पोरानं कॉपी केल्यासारखं वाटलं. चेंडू घासला हे त्यांनी मान्य केलं. पण स्मिथ मायदेशी परतल्यावर सिडनीच्या विमानतळावरच पत्रकारांपुढे रडला, आणि ते रडणं चॅनेलवाल्यांनी दिवसभर दाखवलं, यावर ते उसळले. "रडणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर कॅमेरा धरत्यात व्हय? मयताच्या घरी बी आपण तोंडावर टॉवेल धरू देतो." आणि पुन्हा टॉवेल शब्द तोंडून गेल्याचं लक्षात येऊन गप्प झाले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये कावेरीच्या पाणीवादामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्याला आले. २० एप्रिलला गहुंज्यात समोरासमोर कोण? चेन्नई आणि राजस्थान. दोन वर्षं घरी बसवलेले दोघंही. स्मिथवर बंदी म्हणून राजस्थानचा कर्णधार अजिंक्य रहाणे. चेन्नईहून खास रेल्वे भरून पिवळी माणसं आली होती, आणि इकडून एका पिकअपमधून बापू आणि मंडळी. वॉटसननं शतक ठोकलं, चेन्नई ६४ धावांनी जिंकली. त्या गर्दीत कॅमेरा फिरता फिरता बापूंवरून गेला. डोळा मिटून उघडावा इतकाच वेळ, पण गेला. ती चित्रफीत पुतण्यानं मोबाइलवर जपून ठेवली आहे आणि बापू ती पाहुण्यांना दाखवतात. "सगळेच चॅनेल वाईट असत्यात असं नाय," असं तेव्हापासून ते अधूनमधून म्हणतात, "काहींना माणसातला जाणकार कळतो."

क्रिकेटवर बापू एवढे बोलतात, पण इंदापूरकडच्या बापूंचं खरं दैवत कुस्तीच. २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागात पृथ्वीराज मोहोळनं शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. पाठ टेकलीच नाही, असं राक्षेचं म्हणणं. वाद वाढला, राक्षेनं पंचांना लाथ मारली, पुढे त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. दोन्ही पैलवान पुणे जिल्ह्याचे, त्यामुळे तालुक्यात दोन तट पडले. रात्री टपरीवर चॅनेल लागलं होतं. सूत्रधार पंचाला लागलेल्या लाथेबद्दलच बोलत होता, लाथच पुन्हा पुन्हा दाखवत होता. बापू भडकले. "लाथेचं सोडा! खांदा दाखवा खांदा! पाठ टेकली का नाय त्ये सांगा!" चॅनेलनं खांदा दाखवला नाही. मग बापूंनी पुतण्याचा मोबाइल हिसकावून घेतला, डोळ्याला लावून त्या कुस्तीची दहा सेकंदांची चित्रफीत पुढे-मागे केली आणि फोन त्याच्या हातात परत कोंबत म्हणाले, "हितं थांबव. आता त्या डाव्या खांद्याभोवती लाल गोल काढता येतो का बघ. आन् बाण बी दे एक."