ढगातल्या खातेप्रमुखांस, शिरपूरहून

प्रति,
'पुढे जाण्यासाठी खाते तयार करा' हे पान ज्यांनी रचले त्यांना,
मुक्काम पोस्ट ढग.



आपली माझी ओळख आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर झाली. मृग लागायला चार दिवस होते, पारा बेचाळिसाच्या खाली यायला तयार नव्हता आणि जिन्यात पंखा नसतो. आपल्याला आठवणार नाही. माझ्या पाठीला अजून आठवते.

सकाळी लाइट दोनदा गेली-आली आणि नेट बसले. घरातल्या एका शहाण्याने (हे पत्र त्यानेच लिहिले आहे) राऊटरच्या मागच्या भोकात टाचणी घातली. डबा सगळे विसरून कोरा झाला. बिघडले काहीच नव्हते. केबलवाल्याने दिलेले पीपीपीओईचे नाव आणि पासवर्ड, असे दोन रकाने फक्त पुन्हा भरायचे होते, आणि ते दोन्ही माझ्या डायरीत किराण्याच्या हिशेबाखाली लिहिलेले होते. भाचीचा प्रवेशअर्ज संध्याकाळी पाचला बंद होणार होता. वाटले, पाच मिनिटांचे काम.

पण ते दोन रकाने आपल्या ॲपच्या आत, आणि ॲपच्या दारात आपण. आधी खाते, मग ईमेल, मग ईमेलवर आलेला ओटीपी. नेट सुरू करायला खाते हवे आणि खाते उघडायला नेट हवे. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ही म्हण आम्ही आजवर माणसांसाठी वापरायचो.

'मोबाइलचा डेटा वापरा' असे आपल्या मदतपानावर लिहिले आहे. वापरला असता हो. पण आमचे घर जुने, भिंती दीड हात जाड, आत टॉवर येत नाही. टॉवर येतो गच्चीवर, आणि गच्चीवर आपला राऊटर पोचत नाही. दोघांची एकेक दांडी एकाच ठिकाणी मिळते, सातव्या पायरीवर, तीही कठड्याला पाठ लावून उभे राहिले तर. तिथे मी दीड तास होतो. ओटीपी पाच मिनिटे चालतो आणि सहाव्या मिनिटाला येतो. चार वेळा आला. खालून मायने विचारले, "तुना डबाले बी आधार कार्ड लागस का रे?"

जन्मतारीख का हवी, ते विचारत नाही. भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या डब्याला माझे लोकेशन का हवे, तेही सोडा. अँड्रॉइडचाच तसा नियम आहे, असे एका जाणत्या पोराने सांगितले. मला आज न्याय करायचा नाही.

मला फक्त ते खाते बोचते आहे. आमच्याकडे खाते म्हणजे काय, ते सांगतो. खाते बँकेत असते, तिथे पैसे माझे असतात. तलाठ्याकडे आठ-अचे खाते असते, तिथे जमीन माझी असते. आपल्याकडच्या खात्यात माझे काय आहे? डबा माझ्या भिंतीवर, वीजबिल माझे, दोन हजार आठशे रुपये मी रोख मोजले. तरी माझ्याच घराच्या वायफायचा पासवर्ड बदलायला, कुठल्या देशातल्या कोणत्या गोदामात आहे ते मला ठाऊक नसलेल्या संगणकाची परवानगी! हे विकणे नव्हे. विकल्याचे सोंग करून भाड्याने देणे आहे, आणि वर मालकालाच ओटीपी मागणे आहे. संताप येतो साहेब.

हा शोध आपला नाही, हे मला माहीत आहे. सिस्कोने २०१२च्या जूनमध्ये लिंकसिसच्या काही राऊटरांवर हाच प्रयोग केला होता. ज्यांचे अपडेट आपोआप होत असे, त्यांचे सेटिंगचे घरचे जुने पान एके दिवशी गायब झाले आणि जागेवर ढगातले खाते आले. लोक इतके उसळले की कंपनीला माघार घ्यावी लागली. गूगलच्या खात्यांच्या व्यवस्थेत २०१७च्या फेब्रुवारीत गडबड झाली, तर लोकांच्या घरातले गूगलचे चांगले चालणारे राऊटर कोरे होऊन बसले. टाचणी न लावता! त्याच गूगलने २०१५ साली आणलेला ऑनहब राऊटर २०२३च्या जानेवारीपासून ॲपमधून सांभाळता येईनासा झाला. डबा धडधाकट होता, ढग पांगला.

आणि ढगाचे आम्हाला सांगू नका. जूनमध्ये ढग कसा येतो, काळा होतो आणि न बरसता सातपुड्याकडे कसा निघून जातो, हे खानदेशात शाळेत न गेलेल्या माणसालाही कळते. म्हणून तर इथे २००४ पासून शिरपूर पॅटर्न उभा राहिला. सुरेश खानापूरकर नावाच्या भूवैज्ञानिकाने नाले रुंद केले, खोल केले, त्यांवर सिमेंटचे बंधारे घातले. पडले ते पाणी त्याच शिवारात जिरायला लागले आणि आटलेल्या विहिरींना पाणी आले. त्याच गावात आपण मला दोन ओळींची सेटिंग माझ्या घरात ठेवू देत नाही.

इंटरनेटचे नियम करणाऱ्यांच्या १९९६च्या नियमात १९२.१६८ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत. घराचे परसच म्हणा. तिथे तुळस लावायची की दोरी बांधून कपडे वाळत घालायचे, कोणाला विचारावे लागत नाही. संध्याकाळी सव्वाचारला केबलवाल्याचा पोरगा मोटारसायकलवर आला तो तोच पत्ता घेऊन. पिशवीत धूळ खाल्लेला जुना राऊटर, पाठीवर अर्धी फाटलेली चिठ्ठी : १९२.१६८.१.१. वायर लावली, ब्राउझर उघडला, दोन रकाने भरले. चार मिनिटे. भाचीचा अर्ज गेला. पोराने चहा घेतला, पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून मी राऊटरच्या दुकानात भाजी निवडल्यासारखा डबा निवडतो. उलटा करून आधी पाठ बघतो. तिथे १९२.१६८चा पत्ता किंवा ब्राउझरात टाकायचे नाव असेल तर बोलणे पुढे. नुसता क्यूआर कोड आणि 'ॲप डाउनलोड करा' असेल तर डबा जागेवर. दोन-तीन डब्यांच्या मेश संचांत हा रोग जास्त. तरी शंका असली तर दुकानदाराला म्हणतो, नेटची वायर न लावता सेटिंगचे पान उघडून दाखव. तो वैतागतो. वैतागू दे. ओपनडब्ल्यूआरटी नावाची मोकळी प्रणालीही आहे, २००४ पासूनची. तिच्या मंडळींनी २०२४मध्ये स्वतःचा राऊटर काढला, तोही बनाना पाय नावाच्या ब्रँडबरोबर. केळीच्या मुलखात राहून मला हे इतक्या उशिरा कळावे, ही माझी चूक.

आता एक मनातले. रागाच्या भरात मी आपल्याला कोणी शेठ समजत होतो. पण पान रचणारा शेठ नसतो. आपण पंचविशीचे असाल. आमच्या शिरपुरातून दर वर्षी इंजिनिअर झालेली पोरं पुण्याला जातात, तसेच कुठून तरी गेलेले, चौघांत खोली घेऊन राहणारे. कोणी तरी सांगितले असेल, या तिमाहीत इतकी खाती हवीत. 'नंतर करा' असे बटण आपण आधी ठेवलेही असेल, आणि बैठकीत ते काढायला लावले असेल. तसे असेल तर आपली ती फाइल जपून ठेवा. आणि सुटीत घरी गेलात की आपल्या आईच्या राऊटरचा पासवर्ड एकदा बदलून बघा. जिना असेलच.

कळावे, लोभ असावा.

ता.क. : काल ते अर्धवट उघडलेले खाते बंद करायला गेलो. आपले पान म्हणते, आधी राऊटर ऑनलाइन आणा. तो माळ्यावर आहे, गव्हाच्या कोठीमागे.